धाकल्याच्या बैलाला

"कदी आलाव, साहेब?"

शेणव्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलेल्या धाकलूनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि नेहमीसारखं सांगितलं, "आत्ताच."

"मंग ऱ्हानार ना शिमग्याला? का लगेच जानार परत?"

"बघू," तो म्हणाला.

वालाच्या शेंगांची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली सकुबाई समाधानानं हसली. पाहुण्याची चौकशी केली, पाहुण्यानं उत्तर दिलं, झालं. धाकलू वाटेला लागला. वळणावरच्या करंजापर्यंत आला तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. बघू? काय बघू? एडनहून कायमचा परत येऊन त्याला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं तो या गावात झोपत होता, उठत होता, या गावची धूळ खात होता. आज सकाळी नारळ आणि ट्रान्झिस्टरचे सेल आणायला तो शहापूरला गेला, तेव्हा याच बाईनं त्याला गाडीत चढताना पाहिलं होतं. तिचा नवरा गेला तेव्हा तो खांदा द्यायला पुढे झाला होता, तर चार माणसांनी त्याला हाताला धरून बाजूला केलं होतं, "तुमी नको, साहेब, तुमी सावलीत बसा." तो बसला होता सावलीत. तिरडी डोळ्यांसमोरून गेली आणि तो रुमालानं मान पुसत बसला. आणि आज ही बाई विचारते, लगेच जाणार का? कुठे जाणार, सकुबाई? मसणात? तिथे तरी खांदा द्याल का, की म्हणाल, साहेब, तुमी चालत या? हे तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. पण त्याचे जबाब नेहमी असेच यायचे, माणूस नजरेआड झाल्यावर. जन्मभर तो माणसांशी पाठमोराच बोलत आला होता. त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा. परत जाऊन म्हणावं? मग वाटलं, बिचारीनं वाईट काय विचारलं? तीस वर्षांत तो दर तिसऱ्या वर्षी दोन महिने यायचा, तेव्हा ती हेच विचारायची, आणि तेव्हा त्याला ते गोड वाटायचं. आपलंच काहीतरी चुकत असेल. या विचारानं राग गेला नाही. उलट, रागावायचा हक्कसुद्धा आपल्याला नीट वापरता येत नाही म्हणून आणखी चढला.

एडनला तो जहाजांना कोळसा पुरवणाऱ्या एका कंपनीत कारकून होता. पाठीमागे काळे जळके डोंगर, पुढे समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गोदामं, उंट, गोरे साहेब आणि तो. तिथे कॉफीच्या दुकानातला सालेम रोज त्याच्यापुढे पेला ठेवताना विचारायचा, "घरी कधी, बनियान?" हिंदू माणूस म्हणजे बनियान, मग तो शेणव्याचा कुणबी का असेना. मोठा साहेबसुद्धा दिवाळीच्या सुमाराला आडनावानं हाक मारून न चुकता विचारायचा, "काय गोजर, यंदा मायदेशी?" तीस वर्षं लोक त्याला विचारत राहिले की तू जाणार कधी, आणि तो सांगत राहिला की लवकरच. आता आला, तर इकडचे लोक विचारतात, परत कधी. म्हणजे या भल्यामोठ्या जगात सगळ्यांना त्याच्याविषयी एवढी एकच उत्सुकता होती, की हा माणूस इथून हलणार कधी! त्याला वाटलं, एकदा सालेमला आणि सकुबाईला समोरासमोर बसवावं आणि म्हणावं, ठरवा बाबांनो तुमचं तुम्ही, मी बाहेर उभा राहतो.

डांबरी सडक संपून धूळवाट लागली. वाटेत ओढ्याच्या वाळूत बायका डवऱ्याचा खड्डा खणून वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. धाकलूचा राग या दृश्यावर आयता येऊन बसला. फाल्गुनातच पाणी संपलं! एडनला वर्ष-वर्ष आभाळातून थेंब पडत नसे, तरी नळाला ठरल्या वेळी पाणी यायचं. आणि इथे चार महिने नुसतं कोसळतं, आपल्याच तालुक्यातल्या तानसाचं पाणी माणूस आत रांगत जाईल एवढ्या नळातून मुंबईला जातं, तिथले लोक त्यात मोटारी धुतात, आणि शेणव्याची बाई वाटीनं पाणी भरते, वर हसते. संताप यायचा तो त्या हसण्याचा. एस.टी. तासभर उशिरा आली तरी हसायचं, कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून उतरवलं तरी हसायचं. चहा रटरटा उकळून त्याचा काढा करायचा आणि हसत प्यायचा. नवे पैसे आले, किलो आले, चीननं येऊन थोबाडीत मारली, सगळ्याला एकच उत्तर, "चालायचाच!" ही सगळी मतं धाकलूजवळ तयार होती, वाचलेल्या पुस्तकांतल्या दाखल्यांसकट, भाषण करावं इतकी तयार. ऐकायला मात्र कुणी नव्हतं. असतं तरी तो बोलला नसता. आणि मध्येच त्याला लाजिरवाणं असं काहीतरी आठवायचं. एडनला असताना तो एडनवर असाच चिडायचा. तिथल्या पाण्याला चव नाही, तिथल्या भाताला वास नाही, माणसांना माणसाची ओढ नाही. आमच्या शेणव्याला या म्हणावं, दारावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतील. म्हणजे त्याची मतं त्याची नव्हतीच. तो जिथे नसेल त्या जागेची ती मतं होती. असल्या मतांचा माणूस खरा कुठला धरायचा?

घरी त्याच्या बायकोनं, सरस्वतीनं, हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला तांब्या दिला आणि चहा आणला. त्याला कपबशीत. स्वतः ती चुलीपाशी पितळीत ओतून प्यायली. त्यानं कपबशी उचलली, मायेनं नाही, रागानं. गावभर ज्या बाईच्या जिभेची दहशत होती ती ही सरस्वती. शेजारच्या गीताबाईशी पाण्यावरून तिचं जुंपलं की अख्खा पाडा कामं टाकून ओट्यावर येऊन बसायचा. कोंडू, त्याचा चुलतभाऊ, एवढा मिशीवाला, पण वहिनीचा आवाज चढला की गोठ्यात जाऊन बसायचा. तीस वर्षं तिनं एकटीनं हे घर राखलं, पोरीला, वेणूला, वाढवलं, मुरबाडला दिली, सासूसासऱ्यांचं केलं, ते या जिभेच्या बळावर. आणि त्या जिभेनं धाकलूला पाच वर्षांत एकदासुद्धा दुखावलं नव्हतं. पाड्यातल्या सगळ्या बायका नवऱ्याला तू म्हणायच्या. कोंडूची बायको लहानी तर चार घरांपलीकडून ओरडायची, "अरं ए, बहिरा झालास का?" सरस्वती एकटी तुमी म्हणायची. तुमी बसा. तुमाला पान मांडू? त्याच्यापुढे पाट, ताट, तळलेला पापड, वर तूप. आणि स्वयंपाकघरात ती सुकट भाजून भाकरीशी खायची. सुकटीचा तो खरपूस, खारट, नाकात शिरून बसणारा वास! एडनला अरबांच्या मासळीबाजारातून जाताना याच वासासाठी तो घुटमळायचा. पहिल्या रजेवर आला तेव्हा कधीतरी तो तिला म्हणाला होता म्हणे, की आता मला हा वास सोसत नाही. नवी विजार, नवी ऐट, बोलून गेला असेल. ते वाक्य तिनं तीस वर्षं जपून ठेवलं होतं. त्यानंतर सुकट त्याच्या ताटात आली नाही. मागून घ्यावी तर तोंड उघडेना. पाहुणा कधी म्हणतो का, की मला तुमच्या चुलीवरचं वाढा? एकदा त्यानं मुद्दाम खोडी काढली. म्हणाला, कालवण खारट झालंय. वाटलं, आता म्हणेल, खारट झालंय तर पानी पी. तिनं ताट उचललं आणि दुसरं कालवण करून आणलं. तो पुढ्यातल्या वाफेकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, ही वाटी भिंतीवर फेकावी. त्यानं ती पुसून खाल्ली.

पण सगळ्यात खोल सल होता तो गेल्या वर्षीच्या धुळवडीचा. त्या पाड्यात शिमग्याची एक रीत होती. कुणाच्या तरी पणज्याच्या काळात शिमग्याच्या शिवीवरून डोकी फुटली होती, म्हणून जाणत्यांनी ठरवलं होतं, की शिवी माणसाला द्यायची नाही, त्याच्या आईबहिणीला तर नाहीच. द्यायची ती त्याच्या बैलाला. बैल काही कोयता घेऊन येत नाही. तेव्हापासून धुळवडीच्या सकाळी मंडळी ढोल घेऊन दारोदार जायची, घरधन्याचं नाव घ्यायची, "अमक्याच्या बैलाला होऽऽ" म्हणून उलट्या हातानं बोंब ठोकायची, आणि मग एखादा तोंडाळ गडी त्या बैलाविषयी काहीतरी जुळवून म्हणायचा. ते बैलाविषयी नसे, हे सगळ्यांना ठाऊक असे. वर्षभरात ज्यानं जे केलं ते सगळं त्याच्या बैलाच्या माथी. मग घरधनी खोटं खोटं मारायला धावायचा, पोस्ताचे पैसे द्यायचा, आणि ढोल पुढे. कुणाच्या बैलाला यंदा काय म्हणाले हे पुढच्या शिमग्यापर्यंत पुरायचं. लहानपणी धाकलू मंडळीच्या शेवटी चालायचा. हात तोंडापाशी नेऊन हलवायचा, पण आवाज काढायचा नाही. आपला आवाज वेगळा ऐकू येईल अशी त्याला भीती वाटायची. एवढ्या गर्दीत कुणाला कळतंय? कोंडूला एकदा कळलं होतं. "धाकल्या मुकी बोंब मारतोय रे!" त्यावर सगळे इतके हसले होते की त्याच्या बापालासुद्धा हसू आवरलं नाही. ते हसणं त्याला तेव्हा चाबकासारखं लागलं होतं. आता एडनच्या कोळशाच्या धुळीतून चाळून काढल्यावर वाटत होतं, आपल्याला 'धाकल्या' म्हणून सगळ्यांनी मिळून हसण्याची ती शेवटचीच वेळ.

तर गेल्या धुळवडीला तो ओट्यावर वाट बघत उभा होता. आधीच्या वर्षांना काही ना काही निमित्त होतं, कधी ताप, कधी वेणूकडे मुरबाडला. गेल्या वर्षी तो ठरवून थांबला. ढोल कोंडूच्या दारात वाजला, होऽऽ झालं, हशा झाला. मग मंडळी वळली, त्याच्या अंगणाच्या तोंडाशी आली, आणि कोंडूचा मुलगा बाळ्या, जो आसनगावहून गाडी धरून कल्याणला कारखान्यात जातो आणि मंडळीचा म्होरक्या आहे, त्यानं हात वर केला. "ए, ढोल बंद. साहेबांचा घर हाय." ढोल थांबला. लोकांनी टोप्या सारख्या केल्या. बाळ्या पुढे येऊन हात जोडून म्हणाला, "हॅपी होली, साहेब." धाकलूनं पोस्त दिलं. सगळ्यांनी नमस्कार केला आणि मंडळी चपलांचा आवाज न करता, मयताहून परतल्यासारखी, निघून गेली. गीताबाईच्या कुंपणापाशी पोचल्यावर ढोल पुन्हा वाजला. हॅपी होली! तो शब्द महिनाभर त्याच्या कानात माशीसारखा फिरत होता. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की आपल्याला बैल नाही, म्हणून. जमीन कुळकायद्यात कोंडूच्या नावावर गेली होती, आणि ते बरोबरच होतं, कसत तोच होता. बैल कशाला असेल? लाकडं फोडायला आदिवासींच्या वाडीवरून येणाऱ्या सुक्याला त्यानं भीत भीत विचारलं, तुमच्या वाडीवर येते का रे मंडळी? सुक्या कुऱ्हाड टेकवून हसला. "आमच्यात बैल कुनाला, साहेब? आमाला शिवी पन परवडत नाय." आणि पुढच्या ओंडक्याकडे वळला. धाकलूला आठवलं, लहानपणीही ढोल वाडीच्या अलीकडूनच परतायचा, आणि का, असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी सुक्याशी आणखी काही बोलायचं त्याच्या मनात होतं. जमलं नाही.

पौषात तो कोंडूबरोबर म्हशाला गुरांच्या जत्रेला गेला आणि त्यानं बैल घेतला. तांबडा, एका शिंगाचा, डोळ्यांत पाणी असलेला. कोंडूनं बैलाचं तोंड उघडून दात पाहिले आणि धाकलूकडे पाहिलं. "साहेब, ह्यो पेन्शनीत निघालेला हाय."

"असू दे."

"नांगराचा कामाचा नाय. गाडीचा नाय. करनार काय त्याचा?"

"शेणाला," धाकलू म्हणाला. "बागेला शेणखत लागतं."

"शेन मी दिला असता की! गाडीभर दिला असता. म्हंजे बैल घेतलाव तो हगायला?" बाजारातली माणसं हसली. धाकलूही हसला. आतून म्हणाला, हेच म्हण कोंडू, हेच शिमग्याला माझ्या दारात उभा राहून म्हण, मोठ्यानं, ढोल वाजवून. वाटभर कोंडू मान हलवत होता. घरी सरस्वतीनं बैलाकडे पाहिलं. हिला वाटेल पैसा उडवला, आता हिचं तोंड सुटेल, म्हणून धाकलू दारातच थांबला. ती म्हणाली, "बरा हाय. दमला असंल," आणि बैलापुढे पाणी ठेवलं. अगदी त्याच्यापुढे ठेवायची तसं.

यंदाच्या धुळवडीच्या सकाळी ऊन लवकर तापलं. सरस्वतीनं आणि लहानीनं पहाटेच पीठ शिजवून तांदळाच्या पापड्या घातल्या होत्या, अंगणभर, एडनहून आणलेल्या पांढऱ्या चादरीवर. लहानी आपल्या घरी गेली होती. धाकलूनं बैल गोठ्यातून काढून अंगणाच्या तोंडाशीच खुंट्याला बांधला, येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा. त्याच्या कपाळावर गुलाल लावला. मग स्वतः शेजारी उभा राहिला. आपण काय करतो आहोत हे त्याला स्वच्छ दिसत होतं. साठीला आलेला माणूस, चार कपाटं पुस्तकं वाचलेला, एका शिवीसाठी बैल शृंगारून दारात उभा आहे. शरम वाटून तो घरात जायला निघाला, तेवढ्यात कोंडूच्या दारात ढोल कडाडला.

"कोंडूच्या बैलाला होऽऽ! नेला बाजाराला, बांधला झाडाला, गिऱ्हाइक म्हंगला बैल ऱ्हाऊ दे, कोंडूच द्या मोलाला!"

कोंडू जळकं लाकूड घेऊन पोराच्या मागे धावला, लहानी दारातून ओरडली, "न्या गो न्या कोनीतरी, फुकाट न्या!" आणि त्या हास्याची लाट धाकलूच्या अंगणापर्यंत येऊन बैलाच्या खुरांशी फुटली. मंडळी वळली. राख, गुलाल, घाम. पुढे बाळ्या, मागे ढोल, त्याच्यामागे दम लागलेला कोंडू. अंगणाच्या तोंडाशी बाळ्यानं हात वर केला.

ढोल थांबला.

"हॅपी होली, साहेब."

धाकलूनं पोस्तासाठी खिशात हात घातला नाही. तो म्हणाला, "बैल आहे."

"दिसतोय की," बाळ्या अदबीनं म्हणाला. "बेस हाय."

"मग?"

"मंग काय, साहेब?"

"मग बोला की."

बाळ्या गोंधळला. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खाकरलं. बाळ्यानं बापाकडे नजर टाकली. कोंडू पुढे आला, मिशीला लागलेली राख पुसत, आणि अगदी प्रेमानं, लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, "नाय साहेब. तुमच्या बैलाला कसा बोलनार? बरा दिसतो का ता? पावना मानूस तुमी."

पावना. शब्द किती हलका पडला, आणि सगळ्यांनी कशा माना हलवल्या! त्याला वाटलं शब्द येणार. तीस वर्षांचे साचलेले जबाब, सकुबाईचा, सालेमचा, साहेबाचा, तिरडी उचलणाऱ्या त्या चौघांचा, सगळे घशाशी दाटीवाटीनं उभे होते आणि एकालाही बाहेर पडता येत नव्हतं. हात मात्र उठला. उलटा, तोंडाशी. लहानपणी सवय होती तसाच, नुसता हलवायला. आणि या वेळी त्यातून आवाज निघाला.

"धाकल्याच्या बैलाला होऽऽ!"

आवाज चिरका होता, फाटका होता, आणि वेगळा ऐकू येत होता. लहानपणी ज्याची भीती होती तो हाच. "धाकल्याच्या बैलाला होऽऽ! होऽऽ! होऽऽ!" पुढे जुळवून म्हणायला त्याच्याजवळ काही नव्हतं, म्हणून तो तेवढंच म्हणत राहिला, हाताचा मागचा भाग ओठांवर आपटत, ओठ दातांवर चेचले जाईपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं ते त्या माराचं, की रागाचं, त्याला समजलं नाही. आपल्याच नावानं बोंब मारणारा माणूस शेणव्यानं आजवर पाहिला नव्हता. बैलानं मात्र पाहून घेतलं. म्हशाहून आल्यापासून ज्या माणसानं मान वर करून हूं म्हटलं नव्हतं तो कानाशी असा ओरडतो म्हणजे वाघच आला, असं त्याला वाटलं असावं. त्यानं एक हिसका दिला, खुंटा उपटला, आणि शेपूट वर करून पेन्शनीतला तो बैल सरळ अंगणातून धावला, पांढऱ्या चादरीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चादर पायात अडकली. तीसुद्धा त्यानं नेली. गीताबाईचं कुंपण मोडल्याचा आवाज आला, मग गीताबाईचा.

सरस्वती हातातली उलथणी तशीच घेऊन बाहेर आली. तिनं अंगणाकडे पाहिलं. ओल्या पापड्या मातीत कालवल्या गेल्या होत्या.

"अगो बाय माझ्या!" ती म्हणाली, हलकेच. मग धाकलूकडे वळली. "तुमी... तुमी..." तिचे ओठ हलले. तो शब्द तिच्या तोंडात पुढे सरकेना. धाकलू तिच्या तोंडाकडे बघत होता. उलथणी वर गेली.

"तुज्या बैलाला लागली आग! तुज्या त्या एडनाला लागली आग! पहाटपास्ना मी पीठ शिजवतंय, हात भाजून घेतंय, आनी तू हितं उभा ऱ्हाऊन बोंबा मारतंस? लाज नाय वाटत? काय रे, अक्कल तिकडंच कोळशात पुरून आलास?"

ढोलवाल्याच्या हातातून टिपरू पडलं.

"अंगणात कशाला घातल्यास?" धाकलू ओरडला. आपण ओरडतो आहोत हे त्याला आवाज परत कानावर आल्यावर कळलं. "धुळवडीच्या दिवशी, येत्याजात्याच्या वाटेत! ओट्यावर जागा नाही का?"

"ओट्यावर तुझी खुर्ची! तुझा रेडू! तुझी ती पुस्तका! मानसाला पाय ठेवायला जागा हाय का ओट्यावर? आला तवापास्ना नुसता बसून हाय!"

"मग उठव की! उठव म्हणालीस कधी? कपबशी आणून ठेवतेस पुढ्यात! मी काय तलाठी आहे, कपबशीतून चहा द्यायला?"

"कपबशी तूच आनलीस ना तिकडना? पेटीभर आनलीस! फोडू का? आत्ता फोडते!"

"फोड!"

मंडळीतल्या मागच्या दोघांनी बुड टेकायला दगड शोधला होता, पण बाळ्यानं थोडा वेळ ऐकलं आणि त्याचा उत्साह ओसरला. नवराबायकोचं भांडण, असं घरोघर होतं. "चला रे," तो म्हणाला, "ह्यांचा चालू दे. टाइम जातोय." ढोल उचलला गेला. जाता जाता कोंडूनं वळून पाहिलं आणि सवयीनं, फारसा विचार न करता, तोंडावर हात आपटला, "धाकल्याच्या बैलाला होऽऽ! पापड्या खाऊन पळालाऽऽ!" चारदोघांनी होऽऽ केलं आणि मंडळी गीताबाईच्या दाराकडे वळली, कारण तिकडे आता जास्त मजा होती.

धाकलूनं ते ऐकलं नाही. तो घाम पुसायलासुद्धा थांबला नव्हता. कालवणाचं, तुपाचं, पापडाचं, तीन-तीन वर्षांच्या त्या दोन-दोन महिन्यांचं, सगळं एकातून एक निघत होतं, आणि ती प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर देत होती, एकही उधार न ठेवता. आणि मग त्याच्या तोंडून निघालं ते त्याच्या मनात तयार नव्हतं.

"आणि सुकट का वाढत नाहीस मला?"

सरस्वतीची उलथणी खाली आली.

"मागितलीस कदी?"

"आज वाढ!" तो ओरडला.

"आज नाय भेटनार!" तीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडली. "आज पापड्या वेच आदी. वाक! वाक खाली. आनी ती नको, ती मातीची. ती बाजूची घे. दिसत नाय तुला?"